पेशीतील शिक्कामोर्तब

मराठेशाहीच्या राजपत्रांची ज्यांना ओळख आहे, त्यांना शिक्का आणि मोर्तब या दोन गोष्टींचे महत्त्व सांगावयास नको. पत्राच्या शिरोभागी शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटले म्हणजे त्या कागदाला अधिकार प्राप्त होई; तोवर तो केवळ मजकूर असे. सस्तन प्राण्याच्या शरीरातील प्रत्येक पेशीत अशीच एक शिक्कामोर्तबाची पद्धत अव्याहत चालू असते. पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्यांपैकी अनेक प्रथिने तयार असूनही स्वस्थ बसलेली असतात. त्यांच्यावर फॉस्फेटचा, म्हणजे स्फुरद आणि प्राणवायू यांनी बनलेला, एक चिमुकला गट चिकटला की कोणी कामाला लागते, कोणी काम थांबवते, तर कोणी आपली जागा सोडून दुसरीकडे जाते. हा गट चिकटवणाऱ्या विकरांना 'काइनेज' म्हणतात आणि तो काढून टाकणाऱ्यांना 'फॉस्फाटेज'. कागदावरचा शिक्का कायमचा असतो. पेशीतील शिक्का मात्र क्षणात उमटतो व क्षणात पुसताही येतो. पेशीचा सारा कारभार चालतो तो या सोयीवर.

कोणते काइनेज कोणत्या प्रथिनावर, नेमक्या कोणत्या जागी शिक्का मारते, याची संपूर्ण यादी म्हणजे पेशीच्या कारभाराचा नकाशाच होय. तो नकाशा काढण्याचा उद्योग गेली शंभर वर्षे चालू आहे. त्याच्या प्रारंभी एक भारतीय वैद्य उभा आहे, मध्यावर साध्या गाळणकागदाने आणि एका शिळ्या द्रावणाने घडवलेले शोध आहेत, आणि त्याचा एक धागा दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत येऊन पोचला आहे. शास्त्राचा इतिहास प्रयोगशाळेच्या चार भिंतींत संपत नाही, तो रोग्याच्या उशाशी आणि कायद्याच्या पुस्तकातही लिहिला जातो, याचे हे उदाहरण बोलके आहे.

यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली आंध्रातील भीमावरम येथे झाला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते अमेरिकेत बॉस्टनला गेले. तेथे मिळेल ते काम करून त्यांनी आपला निर्वाह चालविला आणि हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात सायरस फिस्के यांच्या हाताखाली संशोधन आरंभिले. रक्तात वा स्नायूत फॉस्फरस किती आहे हे मोजण्याची सुलभ व बिनचूक रीत त्या काळी नव्हती. फिस्के आणि सुब्बाराव यांनी १९२५ साली अशी रीत प्रसिद्ध केली. मॉलिब्डेटच्या योगाने फॉस्फेटला निळा रंग आणावयाचा आणि त्या रंगाच्या गडदपणावरून फॉस्फेटचे प्रमाण ठरवावयाचे, ही तिची युक्ती. ही रीत पुढे पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या प्रयोगशाळांतून वापरली गेली.

ज्याला मोजता येते त्याचा हिशेब ठेवता येतो, हा कारभाराचा नियम शास्त्रालाही लागू आहे. फॉस्फेट मोजता येऊ लागताच या दोघांना असे दिसून आले की, स्नायूतील फॉस्फेट सारे एकाच स्वरूपात नसते. १९२७ साली त्यांनी फॉस्फोक्रिएटिन हे द्रव्य शोधून काढले. स्नायू आकुंचन पावताना ते मोडते आणि विश्रांतीच्या वेळी पुन्हा जुळते. १९२९ साली त्यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लोमान यांनी स्वतंत्रपणे, एटीपी या द्रव्याचा शोध लावला. एटीपी ही पेशीची खेळती रोकड होय. तिच्या पोटी तीन फॉस्फेट असतात. पुढे जे काइनेज सापडावयाचे होते ते आपल्या शिक्क्याची शाई याच दौतीतून घेते, हे मात्र त्या वेळी कोणाच्या ध्यानी येणे शक्य नव्हते.

सुब्बारावांना हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. १९४० साली ते लेडर्ली या औषधी कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली फॉलिक आम्ल आणि त्याला विरोध करणारी द्रव्ये तयार झाली. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन हे द्रव्य बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले. १९४८ साली त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. रोग काही काळापुरता मागे हटला आणि पुन्हा उलटला. तथापि रक्ताच्या कर्करोगावर औषध चालू शकते ही आशा त्यातून जन्मास आली. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात, वयाच्या ५३ व्या वर्षी, सुब्बाराव निधन पावले. फॉस्फेट आणि रक्ताचा कर्करोग हे त्यांच्या आयुष्यातील दोन वेगळे अध्याय होते. ते दोन्ही एका ठिकाणी येण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले.

प्रथिनांत फॉस्फरस असतो ही गोष्ट तशी जुनीच माहितीची होती. दुधातील केसीन आणि अंड्याच्या बलकातील प्रथिन यांत तो मुबलक सापडे. बलकातील प्रथिनात फॉस्फेट सेरीन नावाच्या ॲमिनो आम्लाला जोडलेला असतो, हे लिपमन आणि लेव्हिन यांनी १९३२ साली दाखविले. पण दूध आणि अंडे ही तर वाढत्या जिवाची शिदोरी. तेव्हा हा फॉस्फरस पोषणासाठी साठवलेला असावा, असा समज होणे स्वाभाविक होते. १९५४ साली शिकागो येथे बर्नेट आणि केनेडी यांना यकृतात असे एक विकर सापडले की, जे एटीपीतील फॉस्फेट उचलून केसीनवर बसवते. शिक्का मारणारा हात प्रथम दिसला तो असा. परंतु शिक्का मारून साधते काय, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर पुढच्याच वर्षी सिअ‍ॅटल येथे मिळाले. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज हे दोघे स्नायूतील फॉस्फोरिलेज या विकराचा अभ्यास करीत होते. साठवलेले ग्लायकोजेन मोडून स्नायूला इंधन पुरवणे हे या विकराचे काम. नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या कोरी दांपत्याने त्याची दोन रूपे वर्णिली होती, एक जागे व एक निद्रिस्त. क्रेब्ज यांनी कोरींच्याच प्रयोगशाळेत काम केलेले होते. सिअ‍ॅटलमध्ये मात्र त्यांना जागे रूप काही केल्या हाती येईना. कोरींच्या रीतीत स्नायूचा अर्क गाळणकागदातून गाळला जाई. या दोघांनी कागदाऐवजी अर्क यंत्रात वेगाने फिरवून स्वच्छ केला होता. पुन्हा कागद वापरताच जागे रूप अवतरले. शोधाअंती असे कळले की, कागदात अंशमात्र कॅल्शियम होते. त्या कॅल्शियममुळे अर्कातील एक काइनेज चेतत होते आणि ते एटीपीतील फॉस्फेट घेऊन फॉस्फोरिलेजवर बसवत होते. एका फॉस्फेटने झोपलेले विकर जागे होते आणि तो काढला की पुन्हा झोपते. रीतीतील क्षुल्लक फरक कानाआड न टाकता त्याचा पाठपुरावा केल्यामुळे पेशीच्या कारभाराची किल्ली सापडली. या कार्याबद्दल दोघांना १९९२ साली, म्हणजे तब्बल ३७ वर्षांनी, नोबेल पारितोषिक मिळाले.

काइनेजला जागे कोण करते, हा प्रश्न मग ओघानेच आला. अर्ल सदरलंड यांनी सायक्लिक एएमपी या निरोप्याचा शोध लावला होता. माणूस दचकला की त्याच्या रक्तात ॲड्रिनलिन वाढते. पेशीच्या दारावर त्याची थाप पडली की आत सायक्लिक एएमपी तयार होते. १९६८ साली क्रेब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, हा निरोप्या एका काइनेजला जागे करतो, ते काइनेज दुसऱ्या काइनेजवर शिक्का मारते, दुसरे काइनेज फॉस्फोरिलेजवर मारते, आणि मग ग्लायकोजेन मोडून साखर मोकळी होते. कचेरीतील एखादे प्रकरण कारकुनाकडून अव्वल कारकुनाकडे, तेथून मामलेदाराकडे जावे आणि दर टप्प्यास सही होऊन अखेर हुकूम सुटावा, तसाच हा क्रम आहे. भेद इतकाच की येथे प्रत्येक टप्प्यावर हुकमाचे बळ वाढत जाते. एक जागा झालेला रेणू पुढच्या टप्प्यावरील अनेकांना जागे करतो. पेशीच्या नकाशावर आखलेली पहिली सलग वाट ती हीच.

या वाटेवरील शिक्के सेरीन आणि थ्रिओनिन या दोन ॲमिनो आम्लांवर मारले जात. १९७९ साली कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत टोनी हंटर हे कर्करोगकारक विषाणूंच्या प्रथिनांवर प्रयोग करीत होते. ॲमिनो आम्ले वेगळी करण्यासाठी वापरावयाचे द्रावण ताजे न करता त्यांनी जुनेच पुन्हा वापरले. शिळे झाल्याने त्याची आम्लता किंचित वाढली होती, आणि तेवढ्याने एरवी एकाच जागी येणारे दोन ठिपके अलग झाले. त्यांतील एक ठिपका टायरोसिन या तिसऱ्याच ॲमिनो आम्लावरील फॉस्फेटचा होता. पेशीतील एकंदर शिक्क्यांत टायरोसिनवरील शिक्के अत्यल्प. पण पेशीने वाढावे की थांबावे, विभागावे की मरावे, असे मोठे निर्णय त्यांच्या हाती असतात. कोंबड्यांत अर्बुद उत्पन्न करणारा एक विषाणू पेटन राऊस यांनी १९११ साली वर्णिला होता. त्या विषाणूचे प्रथिनही टायरोसिनवर शिक्का मारणारे काइनेजच आहे, हे १९८० साली सिद्ध झाले. कर्करोग म्हणजे पुष्कळदा शिक्क्याचा गैरवापर होय, ही कल्पना तेव्हापासून दृढ झाली.

या कल्पनेचा लखलखीत पुरावा मिळाला तो रक्ताच्या एका कर्करोगात. दीर्घकालीन मायलॉइड ल्यूकेमिया या रोगात एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसते, असे १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड यांना आढळले होते. नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलल्यामुळे हे घडते, हे १९७३ साली जॅनेट राऊली यांनी दाखविले. या अदलाबदलीत दोन जनुके एकमेकांना जोडली जातात आणि 'बीसीआर-एबीएल' हे एक टायरोसिन काइनेज निर्माण होते. त्याच्या हातातला शिक्का थांबतच नाही. अस्थिमज्जेतील पेशींना वाढीचा हुकूम अखंड मिळत राहतो आणि रक्त पांढऱ्या पेशींनी भरून जाते.

मग या एका काइनेजचा हात धरता येईल काय? स्वित्झर्लंडमधील बाझल येथे निकोलस लायडन, युर्ग झिमरमान आदी संशोधकांनी, आणि अमेरिकेत ब्रायन ड्रुकर यांनी, या प्रश्नाचा पाठपुरावा केला. ज्या खोबणीत एटीपी बसते त्याच खोबणीत शिरून ती अडवणारे इमॅटिनिब नावाचे द्रव्य तयार झाले. १९९८ साली ते प्रथम रोग्यांना देण्यात आले. दररोज ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा घेतलेल्या ५४ रोग्यांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. १९४८ साली काही महिन्यांपुरती दिसलेली आशा आता रोज एक गोळी घेऊन वर्षानुवर्षे जगण्याच्या शाश्वतीपर्यंत आली होती. २००१ साली अमेरिकेत या औषधास परवानगी मिळाली. परंतु त्याच वर्षी हेही ध्यानात आले की, काही रोग्यांतील काइनेज आपले रूप थोडे बदलते आणि औषधाला दाद देईनासे होते. एक वाट अडवली तर रोग दुसरी शोधतो. म्हणून सुट्या वाटांचे ज्ञान पुरेसे नाही, संपूर्ण जाळे माहीत असले पाहिजे.

हे जाळे केवढे मोठे असावे? हंटर यांनी १९८७ साली अरबी कथांची आठवण ठेवून 'एक हजार एक काइनेज' असा अंदाज लेखाच्या मथळ्यातच मांडला होता. मानवी जनुकसंचयाचे वाचन झाल्यावर २००२ साली मॅनिंग, हंटर, सुदर्शनम् आणि सहकाऱ्यांनी मोजदाद पूर्ण केली. ती भरली ५१८. हात किती ते कळले. आता शिक्के मोजावयाचे होते. त्यासाठी वस्तुमानमापक यंत्र उपयोगी पडले. पेशीतील सर्व प्रथिनांचे तुकडे करावयाचे, फॉस्फेट असलेले तुकडे टायटॅनियम डायऑक्साइडच्या बारीक मण्यांनी वेचून काढावयाचे आणि प्रत्येकाचे वस्तुमान तोलावयाचे. एका फॉस्फेटने तुकडा सुमारे ८० एककांनी जड होतो. त्यावरून शिक्का आहे की नाही आणि कोठे आहे, हे उमगते. या रीतीने २००६ साली मथियास मान यांच्या गटाने, वाढीची सूचना दिलेल्या एकाच प्रकारच्या मानवी पेशींत, २,२४४ प्रथिनांवरील ६,६०० शिक्के मोजले. कोणते शिक्के लगेच उमटतात आणि कोणते सावकाश, याचीही त्यांनी नोंद केली.

तथापि शिक्का दिसला म्हणून तो मारणारा कोण हे कळत नाही. सेरीन आणि थ्रिओनिन यांवरील सुमारे ९०,००० जागा आज माहीत आहेत. त्यांतील बहुसंख्य जागी शिक्का कोणत्या काइनेजने मारला, हे ठरलेले नाही. एकेक काइनेज शेकडो प्रथिनांवर शिक्का मारते, आणि एकाच जागेवर अनेकांचा अधिकार असू शकतो. म्हणून संशोधकांनी उलट बाजूने प्रारंभ केला. हस्ताक्षरावरून कारकून ओळखावा तसे शिक्क्याच्या आजूबाजूच्या ॲमिनो आम्लांच्या क्रमावरून काइनेज ओळखता येते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या कामात अशा ३०३ काइनेजांची पसंती कृत्रिम तुकड्यांवर तपासून तिची सूची करण्यात आली. त्या सूचीवरून ९०,००० जागांसाठी संभाव्य काइनेज सुचविता येतात. संभाव्य हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. प्रत्यक्ष पेशीत ते काइनेज त्या प्रथिनाजवळ पोचते की नाही, याची शहानिशा एकेक प्रकरण तपासूनच करावी लागते.

या उद्योगात भारताचा वाटा सुब्बारावांपाशी संपत नाही. मुंबईत परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा वाहणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना केली. रोग बरा करावयाचा तर पेशी समजून घेतली पाहिजे, हा आग्रह त्यांनी या देशात रुजविला. त्या परंपरेचे संशोधन केंद्र आज नवी मुंबईत खारघर येथे आहे. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या संशोधकांना पेशींचे वाण जतन करून पुरविते. बंगळूरच्या जैवमाहिती संस्थेने अखिलेश पांडे यांच्या पुढाकाराने, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने, मानवी प्रथिनांचा एक संदर्भकोश तयार केला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. शास्त्रीय निबंध माणसांनी वाचून कोणत्या प्रथिनावर कोणता शिक्का आहे, याची टिपणे त्यात नोंदविली गेली. नकाशासाठी यंत्र जितके लागते तितकाच असा चिकाटीचा दफ्तरदारही लागतो.

परंतु ज्ञान सर्वांचे झाले तरी गोळी सर्वांची होतेच असे नाही. स्वतंत्र भारताने पेटंटचा प्रश्न प्रथमपासून विचारात घेतला होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली दिलेल्या अहवालाच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा झाला. औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तर ते बनविण्याच्या कृतीवरच पेटंट देण्याचे धोरण त्याने पत्करले. त्यामुळे देशी कारखान्यांना वेगळ्या कृतीने तेच औषध स्वस्तात बनविता आले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ सालापासून द्रव्यावरील पेटंट मान्य करावे लागले. तेव्हा संसदेने कलम ३(ड) मध्ये अशी अट घातली की, माहीत असलेल्या द्रव्याचे केवळ नवे रूप पुरेसे नाही; त्याची परिणामकारकता वाढलेली दिसली पाहिजे.

या अटीची कसोटी इमॅटिनिबवरच लागली. नोव्हार्टिस कंपनीने या औषधाच्या विशिष्ट स्फटिकरूपासाठी १९९८ साली अर्ज केला होता. कंपनीच्या औषधाचा खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, तर देशी कारखान्यांचे तेच औषध सुमारे ८ ते १० हजारांत मिळे. मुंबईतील कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही १९६९ साली स्थापन झालेली सेवाभावी संस्था आणि काही देशी उत्पादक यांनी अर्जास विरोध केला. संशोधनाला अपार खर्च येतो आणि गरजू रोग्यांना आपण औषध विनामूल्य देतो, ही कंपनीची बाजू होती. तीही केवळ उडवून लावण्याजोगी नव्हती. उलटपक्षी, दानावर चालणारे जगणे हे हक्काचे जगणे नव्हे, असे रोग्यांच्या बाजूने म्हणणे होते. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ साली अर्ज फेटाळला. प्रकरण पुढे पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी निर्णय दिला. परिणामकारकता म्हणजे रोगावरील गुणकारिता; नवे स्फटिकरूप शरीरात अधिक शोषले जाते एवढ्यावरून ती वाढली असे होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. त्याच वेळी, सुधारलेल्या औषधास पेटंट कधीच मिळू नये असा या निर्णयाचा अर्थ घेऊ नये, असेही न्यायालयाने बजावले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने इमॅटिनिबचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

बॉस्टनमधील निळ्या रंगाच्या मोजमापापासून दिल्लीतील या निकालापर्यंत ८८ वर्षांचे अंतर आहे. या वाटचालीत जे शोध लागले, त्यांतील फार थोडे मुद्दाम औषधासाठी हाती घेतलेले होते. फिशर आणि क्रेब्ज स्नायूतील साखरेचा हिशेब करीत होते. राऊस यांच्यापुढे कोंबडीचे अर्बुद होते. सुब्बारावांना फक्त फॉस्फरस मोजावयाचा होता. नकाशाचा एकेक कोपरा कोणीतरी निरपेक्षपणे भरला, म्हणून रोग्यापर्यंत जाणारी वाट पुढच्यांना सापडली. ५१८ काइनेजांपैकी ज्यांचे कार्य नीट उमगले आहे अशी थोडीच आहेत. हजारो शिक्क्यांचे धनी अद्याप अज्ञात आहेत, आणि त्यांपैकी कोणता शिक्का कोणत्या रोगाचे मूळ ठरेल हे आज सांगता येत नाही. नकाशाचा कोरा भाग भरण्याचे काम शास्त्रज्ञांचे आहे. त्या नकाशावरून निघालेले औषध गरिबाच्या घरापर्यंत पोचविण्याचे काम मात्र समाजाचे आणि राज्याचे आहे. त्या कामावरचे शिक्कामोर्तब आपोआप होत नसते.